तीन नंबरची बादली

९ जानेवारी १९७९, मंगळवार. आज दवाखान्यातून थोडी लवकर निघून पोस्टात गेले. रेडिओचं लायसन नवं करायचं होतं. दर जानेवारीत हे काम येतं आणि दर जानेवारीत खिडकीसमोर कुणीतरी तोच वाद घालत उभा असतो. माझ्या पुढच्या माणसानं जुना सेट विकून नवा ट्रान्झिस्टर घेतला होता आणि पुस्तिका मात्र जुन्या सेटची आणली होती. माणूस तोच, घर तेच, मग लायसन तेच का नाही, असं त्याचं म्हणणं. कारकून त्याला सांगत होता की पुस्तिकेत सेटचा नंबर लिहिलेला असतो, सेट बदलला की नोंद बदलावी लागते. तो माणूस ऐकायला तयार नव्हता. शेवटी हात झटकत निघून गेला.

माझी पाळी आली. कारकुनानं सेटचा नंबर विचारला. पुस्तिका पिशवीतून काढता काढता मी तोंडपाठ सांगितला.

"बाई, लोकाइले पोराइच्या जन्मतारखा पाठ नसते," तो म्हणाला. "तुमाले सेटचा नंबर पाठ हाये?"

"मी एका माणसाच्या घरात भाड्यानं राहत होते," मी म्हटलं. मागे रांग होती, म्हणून पुढचं सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

शेलूबाजारच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. नवरा वारलेला, मूल नाही, म्हातारी माय माझ्याजवळ. नर्सनं नोकरीच्या गावीच राहायचं असा नियम, कारण बाळंतपण वेळ सांगून येत नाही. म्हणजे आधी खोली हवी. आमचं कुटुंब छप्पन सालीच बौद्ध झालेलं. खोली बघायला गेलं की लोक आधी नाव विचारत, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. एवढं झालं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असे. चार घरं अशी झाल्यावर मी बसस्टँडमागच्या एका लांबट घरासमोर उभी राहिले. ओट्यावर एक उंच, वाकलेला म्हातारा सुपारी कातरत बसला होता. अंगात खाकी कोट, तोही ऐन उन्हात. त्यानं नाव विचारलंच नाही.

"रेडिओ हाये?"

मला वाटलं, रेडिओच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून विचारताहेत. "आहे," मी म्हटलं. "पण हळू लावते."

"हळू लावा नाईतर जोरात लावा. लायसन?"

"आहे."

"दाखवा."

रेडिओ पिशवीतच होता. त्यांनी सेट उलटा केला, मागचं झाकण काढलं, कोटाच्या खिशातून लहान टॉर्च काढून आत प्रकाश पाडला आणि नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. पुस्तिकेवर माझं नाव, आडनाव, वडिलांचं गाव सगळं होतं. ते त्यांनी वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही आलं नाही.

"बराबर हाये," ते म्हणाले. आत जाऊन एक जस्ती बादली घेऊन आले. "तीन नंबरची खोली. थे तिची बादली."

हे लायसनबाबू. गावात सगळे त्यांना असंच म्हणत, तोंडावर बाबूजी. आयुष्यभर पोस्टात रेडिओ लायसनच्या खिडकीवर बसलेले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण रस्त्यानं कुणी खांद्याला ट्रान्झिस्टर लटकवून चालला असेल तर त्याला थांबवून ते म्हणत, "तुह्या नंबरात शेवटी दोन साताचे आकडे हायेत ना?" आणि ते असत. एकाच गावात एकाच नावाचे तिघे जण असतात, ते म्हणत, पण एकाच नंबराचे दोन सेट कुठे नसतात.

स्वतःच्या घरात रेडिओ नव्हता. ज्यानं लायसन द्यायचं त्यानं रेडिओ ठेवू नये, असं त्यांचं मत. इथपर्यंत समजू शकते. पण शेजारच्या घरातून गाणं ऐकू आलं तर ते ओट्यावरून उठून आत जात. मी एकदा कारण विचारलं.

"लायसन त्याइच्या घराचं. आपुन काहून आयकाचं?"

"बाबूजी, वाऱ्यावरून येतं ते."

"वाऱ्याले लायसन नाई," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

स्टँडवरच्या हॉटेलात मात्र ते तासन्‌तास बसून बातम्या ऐकत, कारण हॉटेलवाल्याचं लायसन धंद्याचं होतं आणि त्यात गिऱ्हाइकानं ऐकणं धरलेलं होतं.

त्यांच्याबरोबर त्यांची थोरली विधवा बहीण राहत असे. तिला सगळे जिजी म्हणत. तिच्या पायाला जुनी जखम होती, ती मी बांधून देई. भावाबद्दल तिचं म्हणणं ठरलेलं होतं. "हा जलमला तवा सुईनीनं याच्या ढुंगनावर नंबर ठोकला नाई. थे शोधत फिरते हा." पाय बांधून झाला की जिजी आंघोळ करून घेई. मला ते दिसे. मी पुढच्या वेळी पुन्हा पाय बांधायला जाई. जखम काही कुणाची जात बघून भरत नाही.

आता बादलीचं सांगते. अंगणात विहीर होती, आणि ओळीनं खोल्या. प्रत्येक खोलीच्या चौकटीवर आकडा, आणि तोच आकडा त्या खोलीच्या बादलीच्या काठावर छिन्नीनं ठोकलेला. नियम असा, की विहिरीतून पाणी फक्त नंबरच्या बादलीनं काढायचं. पाण्याचा हक्क बादलीचा. ती ज्याच्या हातात, त्यानं काढावं. भाडेकरू गेला की बादली मागे राहणार, पुढच्याला मिळणार. स्वतःची बादली, कळशी, तांब्या, काहीही चालणार नाही. बाबूजी हे एका वाक्यात सांगत: "पानी बादलीले हाये, मानसाले नाई."

हा नियम त्यांनी खिडकीवरून घरी आणला होता. पोस्टातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. एका माणसाचा सेट जळाला. कारागिरानं आतली तारांची जाळी बदलली, नळ्या बदलल्या, भोंगा बदलला, वरची लाकडी पेटीसुद्धा नवी केली. तो माणूस विचारायला आला, की बाबूजी, आता हा नवा रेडिओ की जुना? बाबूजींनी आत टॉर्च मारला. लोखंडी पत्रा जुनाच होता आणि नंबर पत्र्यावर होता. म्हणजे रेडिओ जुना, लायसन चालू. दुसऱ्या एकानं जुन्या पेटीत नवा पत्रा बसवून आणला. बाहेरून पाहाल तर तोच रेडिओ. बाबूजींनी त्याला नवं लायसन काढायला लावलं. तो शिव्या देत गेला. "पेटी म्हंजे रेडिओ नोहे," ते सांगत. "नंबर जिथं, रेडिओ तिथं."

बाबूजींचा जावई दिवाळीला आला तेव्हा सकाळी तो तांब्याची कळशी घेऊन विहिरीवर गेला. बाबूजींनी ओट्यावरूनच हाक मारली. "जावईबापू! कळशीचं लायसन नाई!" जावई हसला. त्याला वाटलं, सासरे थट्टा करताहेत. बाबूजी उठले आणि त्याच्या हातातून कळशी काढून घेतली. जिजी दिवसभर भावाशी बोलली नाही. जावई पुन्हा दिवाळीला आला नाही.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसत होतो. पण माझ्यासाठी त्या नियमाचा अर्थ वेगळा होता. शेलूबाजारात मला सवर्णांच्या विहिरीवर सरळ जाऊन पाणी काढता येत होतं, ते फक्त इथे. कुणी मला बोलावलं नव्हतं आणि कुणी मोठं मन केलं नव्हतं. माझ्या हातात तीन नंबरची बादली होती, एवढंच. एक नंबरच्या खोलीत अडत दुकानातल्या मुनिमाची बायको राहत असे, आम्ही तिला मुनिमीण म्हणत असू. मी पाणी काढून गेले की ती दोराचा लोखंडी हूक राखेनं घासून घेई आणि मग आपली बादली अडकवी. आल्यावर काही दिवसांतच तिनं बाबूजींना माझ्यादेखत विचारलं होतं. "बाबूजी, तुमाले समजते ना, तीन नंबरात कोन हाये थे?"

"तीन नंबरची बादली हाये," बाबूजी म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

त्यांना मी थोर मानत नाही. त्यांनी जातीविरुद्ध एक शब्द कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी एकदा चहाला बोलावलं तर म्हणाले, "चाय मी घरीच घेतो." पुढे मी पाहिलं, मुनिमाच्या खोलीत ते बशीत ओतून चहा घेत होते. म्हणजे चहाला नंबर नव्हता, म्हणून चहाला जात होती. पाण्याला नंबर होता, म्हणून पाण्याला नव्हती. त्यांच्या डोक्याची ही रचना होती, आणि मी तिच्यात राहत होते.

माय मात्र विहिरीजवळ जात नसे. मी ड्युटीवर जाण्याआधी पाणी भरून ठेवी, संध्याकाळी आल्यावर पुन्हा भरी. मध्ये पाणी संपलं तर माय तहानलेली बसून राही, पण बादली उचलत नसे.

"माय, बादली घेऊन जा न काढ. कोनी काई म्हनत नाई."

"तुले नाई म्हनत. तू सरकारची बाई. तुह्याकून त्याइले बाळंतपनं करून घ्याचे हायेत. माह्याकून काय घ्याचं हाये?"

"बाबूजीचा नियम—"

"त्याचा नियम त्याच्यापाशी राहू दे. मी अनसिंगले विहिरीच्या खाली घागर घेऊन उभी राह्यली हाये, जलमभर. वरून कोनी वतलं तर घेतलं. नाई वतलं तर परत आली. माह्या हाताले दोर माहीत नाई."

तिला दोर माहीत नव्हता हे खरंच होतं. अनसिंगला, आमच्या गावी, वस्तीतल्या आडात पाणी असे तेव्हाही ते शेंदण्याचं काम तिच्या सासूनं आणि मग दिरांनी केलेलं. मी वाद वाढवला नाही. मला रोज खेड्यांवर फिरायचं असे.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. बादली तळाला टेकवून तिरपी करावी लागे. अंगणात कुरबूर सुरू झाली, की खोल्या जास्त झाल्या, पाणी कमी पडतं. कुणाची खोली जास्त झाली ते कुणी बोललं नाही.

एका दुपारी मी जऊळक्याहून एक अडलेलं बाळंतपण करून परत आले. दारात बादली पालथी पडलेली होती. उचलली तर काठावरचा आकडा नाहीसा झालेला. कुणीतरी कानस लावून, वेळ घेऊन, नीट घासला होता. जस्त निघून खालचं लोखंड चकचकत होतं. बादली फोडली नव्हती, चेपली नव्हती. पाणी तिच्यात अजून राहिलं असतं. ज्यानं केलं त्याला बाबूजी पुरते माहीत होते. त्याला बादली फोडण्याची गरज नव्हती.

माय उंबऱ्यावर बसली होती. तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"कोनं केलं?"

"मी आतमंदी निजली होती. नाई पाह्यलं." मग म्हणाली, "पोरी, चाल अनसिंगले. समजलं नाई का तुले? निघा म्हून राह्यले थे."

"अन नोकरी?"

"बदली माग."

बदली मागणाऱ्या नर्सला कुठे टाकतात ते मला ठाऊक होतं. आणि तिथे पुन्हा नाव, आडनाव, घर कोणत्या बाजूला. तिथे कुणी लायसनबाबू असणार नव्हता. ही खोली गेली तर शेलूबाजारात दुसरी मिळणार नाही, हेही मला ठाऊक होतं. मी मायला गाठोडं सोडायला सांगितलं आणि बादली घेऊन ओट्यावर गेले.

बाबूजींनी चष्मा वर केला आणि काठावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा उलटं. तोवर सगळ्या खोल्यांतली माणसं अंगणात आली होती. बोलवायची गरज पडली नाही. त्यावरूनच मला समजलं, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मुनिमीण पुढे झाली. "बाबूजी, तुमीच म्हनता ना, नंबर जिथं पानी तिथं?"

"बराबर."

"मंग? नंबर तं नाई हिच्यावर."

"नाई," बाबूजी म्हणाले. "नंबर नाई. म्हंजे हे बादलीच नोहे. हिले पानी नाई."

दीड वर्ष ज्या नियमावर मी उभी होते तो नियम त्यांनी एका वाक्यात माझ्या पायाखालून काढला, आणि तोही बरोबर होता. मुनिमीण विहिरीकडे वळली. तिनं आपली बादली हुकाला अडकवली.

"थांबा," बाबूजी म्हणाले. "बादली खाली ठेवा."

"काहून? माह्या बादलीवर तं नंबर हाये."

"हाये. पन खरा हाये का थे कोनाले माहीत? खोडलेल्या नंबराचा एक सेट सापडला का त्या गल्लीतले सगळे सेट तपासाले लागते. तोवर सगळे बंद." ते उठले. "आना सगळ्या बादल्या. माही बी."

पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी कप्पीवरून दोर ओढून काढला, गुंडाळी केली आणि एकेक बादली गोळा करून कोठीत नेऊन ठेवली. कोठीला कुलूप लावलं. किल्ली कोटाच्या खिशात.

"अन माह्या सैपाकाचं?" जिजी ओरडली.

"बंद."

"तुही आंघोळ?"

"बंद."

"आता याले खरंच याड लागलं," जिजी म्हणाली आणि डोक्याला हात लावून बसली.

हे लिहायला गंमत वाटते, पण तेव्हा ती गंमत नव्हती. वैशाखाचं ऊन होतं. गावची विहीर लांब, तिथेही रांग. मुनिमीण डोक्यावर घागर आणि कडेवर पोर घेऊन तिथपर्यंत जात होती. बाकीचेही जात होते. बाबूजी स्वतः कोट घालून हातात कळशी घेऊन रांगेत उभे राहत. लोक त्यांना चिडवत, "काय बाबूजी, कळशीचं लायसन काढलं का?" ते रांगेत एक पाऊल पुढे सरकत. रोज सकाळी विहिरीवर मंत्र म्हणत आंघोळ करणारा तो माणूस ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत होता.

सगळ्यांत कमी त्रास मला झाला. दवाखान्याच्या आवारात हौद होता. मी येताना दोन डबे भरून आणी. मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर, नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिजी लंगडत माझ्या दाराशी आली. हातात तांब्या.

"दवाखान्याचं पानी हाये ना थे?"

"हो."

"मंग दे. दवाखान्याचं चालते."

मी तांब्या भरून दिला. मायनं तोंड फिरवून घेतलं. ती हसत होती.

तिसऱ्या दिवशी मुनिमीण ओट्यासमोर येऊन उभी राहिली. घागर तिनं दाणकन खाली ठेवली. "ठोका, बाबूजी, ठोका तिचा नंबर. माह्या पोराचे पाय भाजून राह्यले."

"तपास झाला का?" बाबूजींनी विचारलं.

"कायचा तपास?"

"कोनं खोडला थे."

तिनं घागर उचलून बाजूला ठेवली. कुणी खोडला ते मी कधी शोधलं नाही आणि इथेही अंदाज लिहीत नाही. बाबूजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "मंग सगळेच नवे ठोकाले लागते."

त्यांनी सगळ्या बादल्या बाहेर काढल्या, कानस घेतली आणि प्रत्येकीवरचा जुना आकडा घासून टाकला. स्वतःच्याही. अर्धी दुपार त्यात गेली. आता अंगणात एकाही बादलीला नंबर नव्हता. मग छिन्नी-हातोडी आणली. बादलीचा काठ दगडावर टेकवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी तो दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, नाहीतर छिन्नी घसरते. एक आणि दोन नंबर झाले, ते मास्तरांनी धरले. मास्तर दोन नंबरच्या खोलीत राहत.

"तीन नंबर," बाबूजी म्हणाले. मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "मुनीमबाई, धरा."

"मी?"

"धरा. ऊन उतरून राह्यलं."

मुनिमीण मास्तरांकडे पाहू लागली. मास्तर आपल्या हाताचे फोड बघत होते. मग ती खाली बसली, बादली गुडघ्यांमध्ये घेतली आणि काठ दोन्ही मुठींत धरला.

आपला तीनाचा आकडा छिन्नीनं काढायला वाईट. एकाला वर एक वाटोळं आणि खाली दांडी, काम लवकर उरकतं. तीनाला वरचं पोट, खालचं पोट आणि शेपूट, आणि छिन्नीची धार सरळ. वळण काढायचं तर एकेक बारीक घाव शेजारी शेजारी घालत जावं लागतं. बाबूजी घाई करणाऱ्यातले नव्हतेच. प्रत्येक घावाला मुनिमिणीच्या बांगड्या वाजत. एकदा ती "अवो माय" म्हणून मागे सरली, तर बाबूजी म्हणाले, "हालू नका. आकडा वाकडा पडन." ती पुन्हा घट्ट धरून बसली. माय दारात उभी राहून बघत होती.

झाल्यावर मुनिमीण उठली. हात अंगापासून लांब धरून इकडे तिकडे पाहिलं. हात धुवायला पाणी नव्हतं. दोर अजून कोठीत होता आणि घागर तिनं रिकामीच आणली होती. मग तिनं हात पदराला पुसले आणि पोराला उचलून घेतलं.

संध्याकाळी दोर पुन्हा कप्पीवर चढला. मी ओट्यावर गेले. बाबूजी छिन्नी तेलाच्या चिंधीनं पुसत होते.

"बाबूजी, तिलाच का धरायला लावलं?"

"जवळ होती."

एवढंच. मी ते उत्तर बरीच वर्षं उलटसुलट करून पाहिलं. तिच्याहून जवळ मी होते. पण त्यांना माणसं नीट दिसतच नसत, हेही खरं. बादली दिसे, आकडा दिसे, धरायला दोन हात हवेत एवढं दिसे. ते हात कुणाचे, हे त्यांनी ठरवून पाहिलं की त्यांना दिसलंच नाही, हे विचारायला आता ते नाहीत. परवाच्या पावसाळ्यात गेले. निरोप आला तेव्हा माझ्याकडे शस्त्रक्रियांचं शिबिर चालू होतं, मी गेले नाही. पुढे जिजीला भेटून आले. ती म्हणाली, शेवटच्या आजारात वैद्यानं नाव विचारलं तर बाबूजींनी कुठल्या तरी सेटचा नंबर सांगितला. ती हसत सांगत होती आणि डोळे पुसत होती.

त्या घरात मी नंतरही राहिले, बदली झाली तोवर. खोली सोडण्याची वेळ पुन्हा आली नाही. मुनिमीण हूक राखेनं घासत राहिली. पुढे केव्हातरी राहून गेलं असेल, मी लक्ष ठेवलं नाही.

पण नंबर ठोकला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

सकाळी मला जऊळक्याची बस होती. त्या बाळंतिणीला पाहायचं होतं. रोजच्यासारखं लवकर उठून पाणी भरायला हवं होतं. मी भरलं नाही. साडी नेसले, पिशवी तयार केली आणि बादली उचलून मायच्या हातात दिली.

"हे काय व?"

"मले बस हाये."

"अन पानी?"

"बादली तुह्या हातात हाये."

तिनं बादलीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. बाबूजी ओट्यावर होते. मुनिमीण दारात पोराचं तोंड पुसत होती. मी चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले. थांबले असते तर तिनं बादली खाली ठेवली असती, आणि बसही गेली असती. रस्त्यावर पोचते तोच मागून कप्पीची करकर ऐकू आली, आणि मायचा आवाज, साऱ्या आवाराला ऐकू जाईल असा.

"पोरी! दोर किती सोडू व?"

"सोडत राह्य," मी रस्त्यावरूनच ओरडले. "पानी लागलं का हलका होते. तवा थांब."

आणि बसमध्ये चढले.